रोज नव्याने करावी लागणारी दुरुस्ती: लिनक्स आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड

लिनक्सच्या संगणकाचं बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत बरंच काही घडतं. त्यातली एक गोष्ट इतकी लवकर घडते, की तोवर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्कचीही ओळख झालेली नसते. कर्नल प्रोसेसरच्या आत एक फाइल चढवतो. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांसाठी ही फाइल साधारण शंभर-दोनशे किलोबाइटच्या घरातली असते. आत काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, कारण ती कूटबद्ध असते. संगणक बंद केला की प्रोसेसरमधून ती पुसली जाते आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागते.

हा मायक्रोकोड अपडेट. बहुतेकांना तो ठाऊक नसतो, कारण सगळं नीट असेल तर तो दिसतच नाही. पण आपल्या संगणकाच्या सुरक्षिततेतला केवढा तरी भाग त्याच्यावर उभा आहे. म्हणून तो काय आहे, इतक्या घाईने का चढवतात आणि आपल्या मशीनवर तो खरंच चढतोय का, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम

प्रोसेसर म्हणजे नुसत्या सर्किटांचा तुकडा, त्यात सॉफ्टवेअर कुठून येणार, असं सहज वाटतं. साध्या सूचनांपुरतं ते बरोबरही आहे. दोन संख्यांची बेरीज करणं हे काम सर्किटच करून टाकतं. पण काही सूचना अवघड असतात. मेमरीतला भलामोठा तुकडा इथून उचलून तिथे ठेव, ही प्रोग्रॅमच्या दृष्टीने एकच सूचना असते. आत गेल्यावर मात्र तिच्या अनेक बारीक पायऱ्या होतात. कुठल्या सूचनेच्या कुठल्या पायऱ्या, हे प्रोसेसरच्या आतल्या एका कायमस्वरूपी मेमरीत, म्हणजे रॉममध्ये, लिहिलेलं असतं. तोच मायक्रोकोड.

कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या मॉरिस विल्क्स यांनी ती १९५१ साली मांडली. १९६४ साली आलेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेने तिचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. लहान-मोठ्या, स्वस्त-महाग अशा वेगवेगळ्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालावा, ही त्या मालिकेची मोठी कमाई मायक्रोकोडमुळेच शक्य झाली. पुढे सिस्टिम/३७०च्या वेळी हा मायक्रोकोड यंत्रात भरायला स्वस्त आणि टपालाने पाठवता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यासाठी आयबीएमने १९७१च्या सुमारास आठ इंची फ्लॉपी डिस्क आणली. फ्लॉपीचा जन्म आपल्या फाइली साठवायला झालाच नव्हता, मायक्रोकोड चढवायला झाला होता! मला ही गोष्ट फार आवडते, कारण आज लिनक्स बूट होताना जे करतो तेच ती फ्लॉपी करत होती.

आपल्या टेबलावरच्या पीसीला मात्र ही सोय बराच काळ नव्हती. तिची किंमत १९९४ साली कळली. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या पेंटियमवर भागाकार चुकतोय, असं त्यांच्या लक्षात आलं. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागलं तर उत्तर १.३३३८२०… यायला हवं. पेंटियम १.३३३७३९… द्यायचा. भागाकारासाठी चिपमध्ये एक कोष्टक होतं आणि त्यातल्या काही नोंदी भरायच्याच राहून गेल्या होत्या. चिप एकदा बनली की त्या नोंदी भरणार कशा? इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि हिशेबात ४७.५ कोटी डॉलरचा खड्डा पडला. पुढच्या वर्षी, १९९५मध्ये, पेंटियम प्रो आला तेव्हा त्याचा मायक्रोकोड बाहेरून दुरुस्त करता येत होता. एएमडीनेही पुढे हीच वाट धरली.

दुरुस्ती होते कशी, आणि टिकत का नाही

रॉममध्ये लिहिलेलं तर बदलता येत नाही. मग प्रोसेसर बनवणाऱ्यांनी रॉमशेजारी थोडी रॅम ठेवली आणि सोबत एक छोटी यंत्रणा दिली: रॉममधल्या अमुक पत्त्यावर आलास, की पुढे न जाता रॅममधल्या तमुक पत्त्यावर उडी मार. छापून झालेल्या पुस्तकाला जोडलेल्या शुद्धिपत्रासारखंच हे आहे. पुस्तक तेच राहतं, फक्त पान ४२ वाचताना शुद्धिपत्रातली ओळ वाचायची.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे ही जागा मोजकी आहे. शिवाय ज्या सूचना मायक्रोकोडकडे न जाता थेट सर्किटातच पार पडतात, त्यांतला दोष या मार्गाने दुरुस्त होईलच असं नाही. त्यामुळे कधीकधी सदोष सुविधा दुरुस्त होत नाही, सरळ बंद केली जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: रॅम म्हटली की वीज गेली, सगळं गेलं. कारखान्यातून निघालेला प्रोसेसर दर वेळी त्याच जुन्या, चुकांसकटच्या मायक्रोकोडने जागा होतो. पाच वर्षांत आलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्याला दर वेळी नव्याने सांगाव्या लागतात.

ही उणीव वाटते, पण तिचा फायदाही आहे. अपडेट बिघडलेला निघाला तरी प्रोसेसर कायमचा निकामी होत नाही. फाइल काढा, रीबूट करा, प्रोसेसर पूर्वीसारखा.

कुणीही उठून वाटेल तो मायक्रोकोड चढवू नये म्हणून प्रत्येक अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असते आणि ती प्रोसेसर स्वतः तपासतो. ही तपासणी किती जपून बांधावी लागते, ते २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसलं. गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एएमडीच्या झेन १ ते झेन ४ प्रोसेसरांत सही पडताळताना वापरलेली किल्ली ही अमेरिकेच्या मानक संस्थेच्या दस्तऐवजात नमुन्यादाखल छापलेली किल्ली होती. म्हणजे सगळ्या जगाला माहीत असलेली. त्यांनी स्वतः बनवलेला मायक्रोकोड चढवला आणि यादृच्छिक संख्या देणाऱ्या सूचनेकडून दर वेळी ४ हेच उत्तर मिळवून दाखवलं. ज्या सूचनेच्या भरवशावर गुप्त किल्ल्या बनतात, तीच जर ठरलेला आकडा देऊ लागली तर काय उरलं? हा हल्ला करायला यंत्रावर आधीच सर्वोच्च अधिकार लागतात, एवढाच काय तो दिलासा. एएमडीने दुरुस्ती दिली, आणि लिनक्स कर्नलने आपल्या बाजूनेही पहारा बसवला: या प्रोसेसरांसाठी खऱ्या अपडेट्सचे हॅश, म्हणजे त्या फाइलींचे जणू बोटांचे ठसे, कर्नलमध्येच नोंदवून ठेवले, त्यांच्याशी न जुळणारी फाइल तो पुढे जाऊच देत नाही.

आधी बायोस, मग लिनक्स

मायक्रोकोड चढवण्याचा पहिला मान मदरबोर्डच्या बायोसचा (आताच्या यूईएफआयचा), म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डमधल्या सॉफ्टवेअरचा. त्याच्या आतच एक प्रत असते आणि बटण दाबल्यावर तो ती चढवतो. सगळे उत्पादक बायोसचे अपडेट वेळेवर देत असते आणि सगळे लोक ते बसवत असते, तर गोष्ट इथेच संपली असती. प्रत्यक्षात चार-पाच वर्षांनी लॅपटॉपच्या त्या मॉडेलसाठी नवा बायोस येणं बंद होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन, वापरलेला लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या मशीनचा बायोस अनेकदा वर्षानुवर्षं तसाच असतो. अशा लॅपटॉपला नवा मायक्रोकोड मिळायचा एकच मार्ग राहतो, तो म्हणजे लिनक्स.

म्हणून कर्नल दुसऱ्या फेरीत तेच काम करतो. बायोसने चढवलेल्यापेक्षा आपल्याजवळची आवृत्ती नवी आहे का ते बघतो आणि असेल तरच चढवतो. प्रश्न एवढाच, की नेमकं कधी?

पूर्वी उत्तर सोपं होतं: संगणक पूर्ण सुरू झाला की मग, निवांत. एका फाइलीत १ लिहिला की चालत्या संगणकावर मायक्रोकोड बदलायचा, रीबूटची गरज नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे फार सोयीचं. पण यातला धोका २०१४ साली उघडा पडला.

इंटेलच्या हॅसवेल पिढीत टीएसएक्स नावाची नवी सुविधा होती. अनेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे भाग, मेमरीच्या एकाच जागेला हात घालतात तेव्हा एकमेकांना थोपवायला कुलपं लावण्यात जो वेळ जातो, तो वाचवणारी. तिच्यात दोष निघाला आणि ऑगस्ट २०१४मध्ये इंटेलने तो मायक्रोकोडमधून 'दुरुस्त' केला, म्हणजे सुविधाच बंद केली. आता बघा काय होतं. एखादा प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरला विचारतो, टीएसएक्स आहे का? प्रोसेसर म्हणतो, आहे. प्रोग्रॅमची लायब्ररी, म्हणजे त्याने वापरलेला तयार कोड, हे उत्तर लक्षात ठेवते, पुन्हा विचारत नाही. थोड्या वेळाने नवा मायक्रोकोड चढतो. प्रोग्रॅम पुढच्या कुलपापाशी टीएसएक्सची सूचना देतो आणि प्रोसेसर म्हणतो, ही सूचना मला माहीतच नाही. प्रोग्रॅम जागीच कोसळतो. एक नाही, तीच लायब्ररी वापरणारे सगळे.

यात कुणी चुकीचं वागलं नव्हतं. प्रोग्रॅमने रीतसर विचारलं होतं, मायक्रोकोडने सदोष सुविधा योग्यच बंद केली. चुकली ती वेळ. प्रोसेसरचे गुणधर्म बदलायचे असतील तर ते कुणीही विचारायच्या आत बदलले पाहिजेत, आणि अगदी पहिला विचारणारा तर कर्नल स्वतःच असतो. तोही सुरुवातीलाच प्रोसेसरच्या सुविधांची यादी करतो आणि त्यानुसार स्वतःच्या कोडमध्ये फेरफार करून घेतो. म्हणून मायक्रोकोड त्याच्याही आधी हवा.

गाठोड्याच्या तोंडाशी

इथे एक पेच आहे. इतक्या लवकर कर्नलकडे असतं काय? फाइल सिस्टिम नाही, डिस्कचा ड्रायव्हर नाही, दाबून लहान केलेली (कंप्रेस केलेली) फाइल उलगडायची सोयही अजून उभी राहिलेली नाही. मग मायक्रोकोडची फाइल वाचायची कुठून?

२०१३ साली, कर्नलच्या ३.९ या आवृत्तीत, यावर जो तोडगा आला तो मला लिनक्समधल्या सुबक तोडग्यांपैकी एक वाटतो. बूटलोडर, म्हणजे कर्नलला मेमरीत आणून सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, कर्नलसोबत आणखी एक गाठोडं मेमरीत आणून ठेवतोच: इनिटरॅमएफएस. सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणि छोटे प्रोग्रॅम त्यात असतात. हे गाठोडं एरवी दाबून ठेवलेलं असतं. तोडगा असा, की त्याच्या तोंडाशी न दाबलेली, साधी सीपीआयओ पद्धतीची (फाइली एकत्र बांधायच्या एका जुन्या पद्धतीची) एक छोटी फाइल जोडायची आणि तिच्यात ठरलेल्या नावाने मायक्रोकोड ठेवायचा. इंटेलसाठी 'जेन्युइनइंटेल.बिन', एएमडीसाठी 'ऑथेंटिकएएमडी.बिन'. कर्नलला काही उलगडावं लागत नाही. मेमरीत त्या नावाचा तुकडा शोधायचा, त्याचा पत्ता प्रोसेसरच्या एका खास रजिस्टरमध्ये लिहायचा, की पुढची सही तपासणी आणि भरणं प्रोसेसर स्वतः करतो. आधी बूट करणारा पहिला कोअर, मग बाकीचे जसजसे जागे होतील तसतसे.

लॅपटॉपचं झाकण मिटून तो झोपवला आणि प्रोसेसरची वीज तुटली, तर जागं होताना हाच प्रकार पुन्हा करावा लागतो. त्यासाठी कर्नल मायक्रोकोडची एक प्रत मेमरीत जपून ठेवतो.

चालत्या संगणकावर चढवायची जुनी पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. पण २०२२च्या ५.१९ आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवलेली असते, आणि कुणी मुद्दाम वापरलीच तर कर्नल सहसा स्वतःवर 'टेंटेड' (डागाळलेला) असा शिक्का मारून घेतो, म्हणजे पुढे काही बिघडलं तर तपासणाऱ्याला हे आधी कळावं. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्याकडे हजारो सर्व्हर आहेत आणि त्यासाठी माणसं आहेत, त्यांनी तो विचार करावा. घरच्या संगणकावर रीबूट करण्यात काहीही जात नाही.

आपल्या मशीनवर काय आहे?

टर्मिनलमध्ये 'प्रॉक' डिरेक्टरीतली 'सीपीयूइन्फो' फाइल वाचली, की प्रत्येक कोअरखाली 'मायक्रोकोड' अशी एक ओळ दिसते आणि तिच्यासमोर सोळाच्या पायावरचा एक आकडा. ही सध्या चढलेली आवृत्ती. त्याच फाइलीत फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग असे तीन आकडे असतात. आय५-८२५०यू हा लॅपटॉपमध्ये सर्रास दिसणारा प्रोसेसर घ्या. त्याचे आकडे ६, १४२ आणि १०. सोळाच्या पायावर लिहिले की होतात ०६, ८ई आणि ०ए. इंटेलच्या मायक्रोकोडच्या फोल्डरमध्ये त्याच्या फाइलीचं नाव नेमकं हेच असतं, तीन आकडे मध्ये आडवी रेघ देऊन. आपल्या प्रोसेसरसाठी फाइल आहे की नाही, हे असं स्वतः पडताळता येतं.

चढवलं कुणी, बायोसने की लिनक्सने, हे कर्नलच्या नोंदींत म्हणजे 'डीमेसेज'मध्ये कळतं. तिथे 'अपडेटेड अर्ली' असे शब्द दिसले तर कर्नलने काम केलं. नुसती सध्याची आवृत्ती दिसली, तर एक तर बायोसमधलीच आवृत्ती पुरेशी नवी आहे, किंवा मायक्रोकोडचं पॅकेज बसवलेलंच नाही.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर ही पॅकेजं 'इंटेल-मायक्रोकोड' आणि 'एएमडी६४-मायक्रोकोड' नावाने असतात, आणि इनिटरॅमएफएस नव्याने बांधायचं काम ती स्वतःच करतात. आर्च या वितरणावर 'इंटेल-यूकोड' किंवा 'एएमडी-यूकोड'. आर्चवाल्यांनी जरा जपायला हवं. सिस्टिमडी-बूटसारखा बूटलोडर असेल आणि इनिटरॅमएफएस बांधणाऱ्या साधनातला मायक्रोकोडचा हुक (तो आपोआप जोडणारी सोय) लावलेला नसेल, तर ती फाइल बूटलोडरच्या मांडणीत आपल्या हाताने लिहावी लागते, आणि तीही मुख्य इनिटरॅमएफएसच्या आधी. पॅकेज बसवलंय पण कधी चढलंच नाही, असं होतं ते बहुधा इथे.

डेबियनमध्ये हे पॅकेज मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य भागात नसतं. २०२३च्या डेबियन १२पासून ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या भागात आहे. बंद स्वरूपाचं काहीच नको, म्हणून काही जण मायक्रोकोड चढवायचंच टाळतात. त्यांच्या भूमिकेमागची तळमळ मला समजते, पण निष्कर्ष पटत नाही. बंद मायक्रोकोड चिपच्या रॉममध्ये आधीपासूनच आहे आणि तो चालतोच आहे. अपडेट नाकारून तो मुक्त होत नाही, फक्त त्यातल्या जाहीर झालेल्या चुका तशाच राहतात.

त्या चुका नुसत्या भागाकाराच्या राहिलेल्या नाहीत. मे २०१९मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांत एमडीएस नावाचे दोष जाहीर झाले. प्रोसेसरच्या आतल्या छोट्या बफरांत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यांत, मागे राहिलेली माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमला चोरता येत होती. बफर पुसणं हा उपाय, पण पुसायची सूचनाच अस्तित्वात नव्हती. मग इंटेलने व्हीईआरडब्ल्यू ही ८०२८६च्या काळातली, फारसं कुणी न वापरणारी सूचना निवडली आणि मायक्रोकोडमधून तिला जास्तीचं काम दिलं: तुझं नेहमीचं काम कर, आणि जाता जाता बफरही पूस. लिनक्स कर्नल प्रोग्रॅमकडे परत जाताना ती सूचना चालवतो. नवा मायक्रोकोड नसेल तरीही चालवतो, पण तेव्हा बफर पुसले जातीलच याची खात्री नाही. म्हणजे दोष झाकायला कर्नल आणि मायक्रोकोड दोन्ही लागतात. एकटा कर्नल अद्ययावत ठेवून भागत नाही.

नवा मायक्रोकोड दर वेळी चांगलाच असतो, असंही नाही. स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले गाजलेले सुरक्षा-दोष जाहीर झाल्यावर जानेवारी २०१८मध्ये घाईने आलेल्या अपडेटने ब्रॉडवेल आणि हॅसवेल पिढीची यंत्रं अचानक रीबूट होऊ लागली, आणि २२ जानेवारीला इंटेललाच 'तूर्त बसवू नका' असं सांगावं लागलं. अशा वेळी बूटलोडरमध्ये कर्नलला 'डिस_यूकोड_एलडीआर' हा पर्याय दिला, की त्या बूटपुरतं लिनक्स मायक्रोकोडला हात लावत नाही. हा पर्याय लक्षात असू द्या, पण कायमचा लावून ठेवू नका.

आणि सगळंच लिनक्सच्या हातात नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होत होते. त्यावरचे २०२४चे अपडेट इंटेलने मदरबोर्डच्या बायोसमार्फत दिले, आणि ज्या चिपची झीज आधीच झाली होती ती त्यांनी भरून येत नाही. एएमडी लिनक्ससाठी जो मायक्रोकोड देते तो मुख्यतः सर्व्हरच्या एपिक प्रोसेसरांचा. घरच्या संगणकांतल्या रायझनवाल्यांना बहुतेकदा बायोसचीच वाट पाहावी लागते. हे बदलायला हवं, कारण ज्याच्या मदरबोर्डला नवा बायोस येणंच थांबलंय त्याने करायचं काय? क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र पॅकेज बसवून काही उपयोग नाही. तिथे मायक्रोकोड खालच्या खऱ्या यंत्राचा मालकच चढवतो, आणि आत दिसणारा आवृत्तीचा आकडा अनेकदा नुसता भरीचा असतो.

स्वतःच्या मशीनवर शेवटची खात्री करायची तर 'सिस' डिरेक्टरीत डिव्हायसेस, सिस्टिम, सीपीयू असं आत जात 'व्हल्नरेबिलिटीज' हा फोल्डर उघडा. प्रत्येक ज्ञात दोषाची तिथे एक फाइल आहे. 'नॉट अफेक्टेड' (दोष लागू नाही) किंवा 'मिटिगेशन' (उपाय लागू आहे) असेल तर ठीक. कुठे 'व्हल्नरेबल'च्या पुढे 'नो मायक्रोकोड' असे शब्द दिसले, तर कर्नल आपली बाजू सांभाळायला तयार आहे, प्रोसेसरची बाजू आलेली नाही. पॅकेज बसवलंय का बघा, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा, रीबूट करून तीच फाइल परत वाचा. तरीही शब्द तेच असतील, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा नवा बायोस शोधा.